खळ

शाणूमाम त्यांना पोस्टरं म्हणत नाही.
चिकटवण म्हणतो,
सारवण म्हणावं तसं.

मडगावात, बोर्ड्याला, सोड्याच्या कारखान्यावरची खोली.
खोलीत एक अख्खी करेर:
म्हणजे चाकं नाहीत, पत्रा नाही,
नुसती बाकडी, मागेपुढे लावलेली, मधे जायला वाट.
रेक्झिन उसवून आतला काथ्या काढलाय
आणि काथ्याच्या जागी
गुंडाळी करून आंदोलनं.

मी हातमोजे घालते. तो हसतो.
"ह्या कागदांनी लाठ्या पाहिल्यात बाय,
तुझ्या बोटांचा घाम काय करणार त्यांना?"
घाम करतो, मी सांगते.
बेतूलहून येणारा खारा वारा करतो.
कसर तर शाईला तोंडही लावत नाही,
मागची खळ तेवढी चाटते.
तिला कुठल्याच मागणीशी देणंघेणं नाही.

बेतूल-मडगाव करेरीवर तो कंडक्टर होता.
पोरं अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर बसली
त्या वर्षी रोज सकाळी
गाडीच्या पाठीवर नवा कागद.
मालक म्हणे, खरवड.
हा रात्री ओलं गोणपाट लावून ठेवी
गळवावर पोटीस बांधावं तसं,
पहाटे कागद सालीसारखा सुटून येई.
"खरवडला," मालकाला सांगे.
आणि त्याच पोरांकडून दिवसभर
पुरं भाडं वाजवून घेई.
"नोकरी होती. दोन्ही केलं."

एका कागदावर ट्रॉलर, त्याच्या पोटात अख्खा दर्या.
काढणाऱ्याला माणसांचे चेहरे जमत नसावेत,
म्हणून रापणीवरचे सगळे पाठमोरे,
आणि त्यामुळेच, का कोण जाणे, ओळखीचे.
एकावर फक्त "जाय" उरलंय.
काय हवं होतं ते बकरीने खाल्लं.
एक वहीचं मधलं पान.
पुढे लाल घोषणा, मागे बीजगणित.
बीजगणित चुकलेलं.

मी पेन्सिलीने नोंदवते: माप, रंग, गाव, साल.
साल त्याला आठवत नाही, भाडं आठवतं.
"तेव्हा असोळण्यापर्यंत साठ पैसे."
मी भाड्यावरून साल काढते.
कधी वाटतं, इतिहासाचं एवढं अचूक कोष्टक
कुठल्याच दप्तरात नसेल.

मागच्या लांब बाकड्यातून काल निघाला एक ठोकळा.
कागदावर कागद, तळाला भिंतीचा चुना.
ओपिनियन पोलचा.
कडेने भिंग धरलं तर थर दिसतात:
दोन पानं. खाली फूल. खाली दोन पानं.
फूल. फूल. पानं.
एकाने रात्री झाकलं
ते दुसऱ्याने पहाटे झाकलेलं.
एवढ्या वर्षांत कसर लागलेली नाही.

"लागणार कशी? मोरचूद आहे त्यात.
माझी आई शिजवायची खळ, तांदळाची.
बापूय फुलवाला. शेजारचा इनास पानांचा.
त्याच्या घरी चूल धड पेटत नव्हती,
म्हणून अर्धं डबडं त्याला."

वाफ दिली तर वरचा थर सुटेल
आणि खालचा लगदा होईल.
सोडवायचा कुठला, ते मला ठरवायचंय;
शिकवलंय मला, निवड करायची असते.
खाली कोणीतरी गोटी दाबतं,
सोडा फसकन उसळतो.
शाणूमाम खिडकीपाशी, पाठमोरा.

वर्णनाच्या रकान्यात मी लिहिते: फूल.
खोडते.
लिहिते: दोन पानं.
खोडते.
मग लिहिते: खळ, तांदळाची, मोरचूद घालून.
जाडी नऊ मिलिमीटर. विलग करू नये.

"आणि ते डबडं," तो तिकडे बघतच म्हणतो,
"इनासाने परत दिलं नाही.
ते पण लिही."